डावीकडून उजवीकडे

मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नमधल्या वृद्धाश्रमातले वॉल्टर एके काळी न्यूयॉर्कच्या एका पेपरचे फोटोग्राफर होते. आता वय ब्याण्णव. पलंगाशेजारी त्यांनी काढलेला एकच फोटो होता: १९५५ सालच्या मोर्चात हातात हात घालून चाललेले नऊ नट-नट्या आणि गायक. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासायला सांगितल्यामुळे तिथली नर्स फिलोमिना दर सोमवारी तोच फोटो त्यांच्यापुढे धरायची.

"हा कोण?"

"आठवत नाही."

"आणि ही?"

"नाही."

नऊच्या नऊ वेळा तेच. मग ती फाइलमध्ये लिहायची, 'नावं आठवत नाहीत.'

या सोमवारी काच पुसायला तिने फ्रेम उघडली. फोटोच्या पाठीमागे वॉल्टरच्याच बारीक अक्षरात नऊ नावं होती, डावीकडून उजवीकडे, आडनावांसकट. ती वाचू लागली.

"वाचू नकोस," वॉल्टर म्हणाले. "मला पाठ आहेत."

"मग सांगत का नाही?"

"एकदा सांगितली होती. फोटोखाली छापायला. तिथून ती सरकारच्या कम्युनिस्टांच्या यादीत गेली. त्यातल्या एकालाही पुन्हा काम मिळालं नाही."

फिलोमिनाने फ्रेम लावून जागेवर ठेवली. फाइल उघडली आणि लिहिलं, 'नावं आठवत नाहीत.'