हेजहॉग्जचा कायमचा पत्ता

हेजहॉग्ज ल्यूटनला गेले. पण हे तुम्ही वाचलेलंच नाही असं समजा. कारण त्या शनिवारी दुपारी मिल्टन कीन्सच्या कम्युनिटी हॉलमध्ये जमलेल्या चाहत्यांना ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते बिस्किटं वाटत होते.

हेजहॉग्ज म्हणजे गावचा आइस हॉकीचा संघ, नाव एका काटेरी प्राण्याचं. व्यावसायिक. म्हणजे हरतानाही पगार मिळतो.

अनुप मागच्या रांगेत वडिलांशेजारी बसला होता. बसला होता म्हणजे फक्त टेकला होता. कोट अंगात, गाडीची किल्ली हातात आणि डावा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा चालू.

"पाय हलवू नको," कमलाकरराव म्हणाले. "घरातली लक्ष्मी जाते."

"बाबा, घर भाड्याचं आहे."

"मग घरमालकाची जाईल. त्याचं काऊन वाईट चिंततो?"

बाकीचे लोक आईवडिलांना उन्हाळ्यात इंग्लंडला बोलावतात. कमलाकरराव नागपूरहून सप्टेंबरात यायचे आणि सहा महिन्यांचा व्हिसा संपता संपता मार्चात परतायचे, हॉकीच्या सीझनला धरून. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि मिल्टन कीन्समध्ये गाडी नसलेला माणूस राउंडअबाउटमधल्या झुडपासारखा असतो, सगळे त्याला वळसा घालून जातात. पण रेडवेच्या, म्हणजे पायी चालणाऱ्यांच्या लाल वाटेने संघाचं बर्फाचं रिंक घरापासून चालत जाण्यासारखं होतं. तेवढी एकच जागा अशी, जिथे ते मुलाला न विचारता जात. कालव्यांच्या कामावर आयुष्य गेलेला माणूस. पहिली मॅच पाहून म्हणाले होते, "आम्ही जन्मभर पाण्यावरची भांडणं सोडवली. इथे पाणी इतकं की गोठवून त्यावर भांडतात."

क्लबने नेमलेला सल्लागार, गॅरेथ, पडद्यासमोर आला. संघ इथेच राहणार की हलणार, हे तो नकाशावरून सांगणार होता. नकाशा उमटला. सगळ्यांना वाटलं मिल्टन कीन्सचा असेल. पृथ्वीचा होता.

इंग्लंडवर एक जाड निळा डाग. आणि लांब उजवीकडे, भारताच्या ऐन पोटात, एक ठिपका.

"प्रत्येक ठिपका म्हणजे एक सीझन तिकीटधारक," गॅरेथ म्हणाला. "या सगळ्या पत्त्यांचा मध्यबिंदू काढला, तर तो आता इथे पडत नाही. ल्यूटनच्या अलीकडे पडतो, मेंढ्यांच्या एका कुरणात. आपलं मार्केट आग्नेयेला सरकतंय. आपण मार्केटच्या मागे जायला हवं."

अनुपचा पाय थांबला.

"बाबा, तिकिटं काढताना पत्ता कोणता दिलात?"

"परमनंट. नागपूरचा, धंतोलीचा."

"इथला द्यायचा होता हो."

"इथला टेंपररी. मागच्या साली तू ब्लेचलीला होतास, त्याआधी आणखी कुठे. कोणता देऊ?"

"आणि माझ्या तिकिटावर?"

"तोच. दोन्ही मीच काढली ना. तुझा दुसरा कुठे आहे?"

अनुपने पडद्याकडे पाहिलं. ठिपका एकच दिसत होता, कारण दुसरा बरोबर त्याच्या खाली होता.

त्याने हात वर केला आणि सगळं सांगितलं. हॉल आधी हसला, मग हसायचा थांबला. गॅरेथने लॅपटॉपवर काहीतरी केलं. "हे दोन पत्ते बदलले, तर मध्यबिंदू परत मिल्टन कीन्समध्ये येतो," तो म्हणाला. "इथे रिंकपाशीच. मग हलायचं कारणच उरत नाही. आत्ता बदलू या?"

पुढच्या रांगेत काटेरी टोपी घातलेल्या एक बाई होत्या. त्या वळून म्हणाल्या, "प्लीज, डार्लिंग."

अनुपने वडिलांना मराठीत समजावलं. कमलाकररावांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"परमनंट कसा बदलता येईल? दारावर अजून तुझ्या आईची पाटी आहे."

"नुसतं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये, बाबा. नाहीतर संघ जाईल. मग प्रत्येक मॅचला तुम्हाला मी न्यायला पाहिजे, आणि शनिवारी मी मोकळा असेन की नाही..."

"हाव, ते माहीत आहे मला." मग म्हणाले, "तू तुझा बदल. म्हणजे हेजहॉग्ज अर्ध्या वाटेवर तरी परत येतील."

गॅरेथची बोटं की-बोर्डवर तयार होती. "युअर ॲड्रेस, सर?"

अनुपने तोंड उघडलं. घराचा करार जूनपर्यंत होता. व्हिसा त्याच्या थोडा पुढे. लीड्सच्या नोकरीचं अजून काही कळलं नव्हतं, आणि बायको श्रद्धा आठवड्यातून एकदा तरी पुण्यातले फ्लॅट बघायची, नुसते बघायला म्हणून. हॉलभर माना त्याच्याकडे वळल्या होत्या. त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

पाय पुन्हा सुरू झाला.

गॅरेथने समजूतदारपणे मान हलवली, आणि सूचना लिहायचं एक कार्ड मागे पाठवलं. कमलाकररावांनी खिशातलं पेन काढलं. मजकूर मराठीत लिहिला, वळणदार, समास सोडून:

'सबब विनंती की, अर्जदाराचा कायमचा पत्ता आहे तसा ठेवून, सदर संघ अर्जदाराच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ठेवण्यात यावा. घर कोणते, ते चिरंजीव यथावकाश कळवतील.'