गंगुबाईची भिंत

शामराव दारात आला तेव्हा भिंतीची शेवटची फळी ठोकायची तेवढी राहिली होती.

फळ्या शिवडीच्या गोदीतल्या. कुठल्या तरी यंत्राच्या पेट्या मोडून आणलेल्या. त्यांवरची इंग्रजी अक्षरं काही उभी, काही उलटी. पुठ्ठा लाव, पटकन होईल, असं शेजारणींनी गंगुबाईला सांगून पाहिलं होतं. पुठ्ठ्यातून कूस बदललेलीही ऐकू येते, ती म्हणाली होती. खोलीत माणसं सात. तिच्या मुलाचं, गुणाजीचं लग्न होऊन आठ दिवस झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तो पकडला गेला. ते आठही दिवस तो गॅलरीत झोपला होता. उद्या सुटून येणार होता.

शामराव चाळमालकाचा माणूस. परवानगीशिवाय भिंत घालता येत नाही, त्याने सुनावलं. लाकूड पेट घेतं. साडी बांधा, कोण नाही म्हणतंय? मग त्याने भिंत ठोकत असलेल्या बुधाजी सुतारालाच फळ्या उतरवायला सांगितलं. बुधाजीही त्याच चाळीतला भाडेकरू. त्याने हातोडी आणि खिळ्यांचा डबा भिंतीच्या कडेला खाली ठेवला. गंगुबाईकडे बघितलं नाही.

"मालन," गंगुबाई सुनेला म्हणाली, "आत जाऊन पड गे जरा."

मालन खाली मान घालून भिंतीपलीकडे गेली. गंगुबाईने आत जायच्या वाटेवरच पाट टाकला आणि लसूण सोलायला बसली.

"काढा आता. आत सून झोपलीय, तेवढं सांभाळा."

शामराव एक पाऊल पुढे आला आणि थांबला. भर दुपारी कोण झोपतं, त्याने विचारलं. नवी नवरी आहे, दमते, गंगुबाई म्हणाली. गॅलरीत जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. शामरावचे कान लाल झाले.

"बाहेर कधी यायची ती?"

"तिची खोली. तिची मर्जी."

शामरावने बुधाजीला डोळ्यांनी खुणावलं. बुधाजी वाकला. हातोडी जागेवर नव्हती. डबाही नव्हता.

नुसती टेकवून ठेवलेली शेवटची फळी हलली, सरळ झाली. आतून घाव पडला. थोडा चुकला असावा. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला खिळ्याचं टोक फळीतून बाहेर आलं, शामरावच्या छातीच्या उंचीवर.