दुसरी पोच

दवाखान्याच्या ॲपमध्ये नवी सोय करायची होती. डॉक्टरांनी एकदा निरोप सोडला की तो चॅनलला जोडलेल्या प्रत्येक फोनवर त्याच क्षणी दिसावा, आणि प्रत्येक फोनकडून उलट पोच यावी. प्रोग्रामरनं चाचणीसाठी फक्त स्वतःचा फोन जोडला आणि निरोप सोडला.

पोच दोनदा आली.

"जुनं कनेक्शन लटकलं असेल," शेजारचा सहकारी म्हणाला. "चॅनल पुसून टाक, नवीन उघड."

"पुसलं की. तरी तेच."

"मग मरू दे ना! चल जेवायला."

"चॅनल मी बांधलंय. जायचं असेल तर आत जो कुणी शिरलाय त्यानं जावं," असं म्हणून तिनं खुर्ची आणखी पुढे ओढली. तिच्या हट्टापुढे कुणाचं चालत नाही, हे ओळखून तो बाकीच्यांबरोबर निघून गेला.

तिनं आपला फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. 'कोण आहे?' लिहून पाठवलं. पोच आली.

सर्व्हर तिच्याच लॅपटॉपवर चालत होता, म्हणून बाहेरचं कुणीही जोडलेलं राहू नये यासाठी तिनं वायफायही तोडलं. 'आता बोल,' तिनं लिहिलं. पोच आली.

'मी घाबरत नाही,' तिनं टाइप केलं. पाठवायच्या बटणाकडे बोट जायच्या आतच पोच आली.

"अस्सं काय!" ती मोठ्यानं म्हणाली. कीबोर्डवरचे हात उचलून तिनं मांडीवर मुठी आवळल्या, ओठ घट्ट मिटले आणि मनातल्या मनात ठणकावलं, काही झालं तरी मी मागे वळून बघणार नाही.

स्क्रीनवर पोच उमटली.