चौदा आली का?

“सात नंबरचा मोरू तांडेल भर वळणावर मिशीला पीळ द्यायचा. एकवीसवाला इनास लग्नाच्या सुटातच बोट पळवायचा!” रंगारी हरबाकाका हसत होता. शर्यतीच्या मोटरबोटींवर चाळीस वर्षं त्यानेच आकडे काढले होते.

“आणि माझा बाबा?” यमूने ब्रश पुढे केला. “माझ्या बोटीवर त्याचाच चौदा काढ, काका.”

काकाचं हसू विझलं. “दुसरा कुठलाही माग, बाय.”

“बुडालेल्याचा आकडा अपशकुनी, म्हणून?”

“नाही गं. त्या वर्षी घाईत मी आकडे एकाच बाजूला काढले. जाताना सगळ्यांना दिसले. परतताना बोटींची कोरी बाजू किनाऱ्याकडे आली. तुझ्या आईने विचारलं, ‘चौदा आली का?’ तुझ्या बाबासारखीच पिवळी बोट बघून मी म्हणालो, ‘आली की!’ चूक कळून शोधायला निघेपर्यंत ओहोटी लागली होती.”

काकाने ब्रशसाठी हात पुढे केला. यमूने दिला नाही.

बोटीला वळसा घालून ती समुद्राकडच्या बाजूला गेली. तिथे तिने आधी एक काढला, मग चार. चार वाकडा आला. काका बघत होता. सरळ करायला पुढे झाला नाही.