ट्रकभर माणसं

"पासपोर्टवर वनमाला, व्हिसावर मीरा. तुमच्यातली नेमकी कोण चाललीये मस्कतला?"

सहार विमानतळावरच्या साहेबाने विचारलं आणि वनमाला काउंटरवर पुढे झुकली.

"दोन्ही मीच की, साहेब! लग्नात नाव बदललं ना."

तिच्या नवऱ्याने, सहदेवने, लग्नात तांदळावर अंगठीने 'मीरा' लिहिलं होतं. मस्कतहून व्हिसा काढताना मोठ्या कौतुकाने त्याने तेच नाव दिलं. त्या कौतुकापायी आता वाट लागली होती! साहेबाने पासपोर्ट ठेवून घेतला आणि तिला आतल्या खोलीत बसवलं. विमानाची वेळ होत आली होती.

बाकावर आधीच एक बाई होती. शांताबाई, अकोल्याकडची. कुवेतला एका म्हातारीची देखभाल करायला निघालेली. एजंट तिला दारात सोडून पसार झाला होता. मुंबईतलं कोणी पत्ता देऊन हमी घेईपर्यंत साहेब तिला सोडायला तयार नव्हता.

"सगळ्या जगात माझंच मेलीचं नशीब फुटकं!" वनमालाने गळा काढला. शांताबाईने आपल्या पदराने तिचे डोळे पुसले.

"रडू नको माय. जाशीन तू."

साहेबाने दारातून डोकावून विचारलं, "वनमालाबाई, तुमच्या लग्नाला आलेलं कोणी बाहेर आहे का?"

"आहे ना," वनमाला ओशाळून म्हणाली. "ट्रकभर."

अख्खी चाळ दहिसरहून पोचवायला आली होती. नका हो आणू, लोक हसतील, असं तिने सासूला, जानकीबाईंना, परोपरीने विनवलं होतं. "हसांदेत," म्हणून जानकीबाईंनी ट्रक भरला होता.

शिपाई जानकीबाईंना घेऊन आला. हातात निरोपाचा नारळ तसाच.

"माझ्यासमोर माझ्या झिलान, सहदेवान, नाव लिवल्यान. खोटा वाटत आसात तर भायर भटजी पण इलेले आसत!"

साहेबाला हसू आवरेना. त्याने शिक्का मारला. वनमालाने आनंदाने बॅग उचलली.

साहेब आता बाकाकडे वळला. "काय गं, तुझं कोण आहे बाहेर?"

"कोणी नाही, साहेब."

वनमालाचे पाय तिथेच थबकले. तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्या गर्दीला ती लाजत होती, तिच्याच जोरावर ती सुटली होती. आणि फुटक्या नशिबाचं रडगाणं तिने गायलं तरी कोणापुढे!

"साहेब, माझ्या ट्रकातलं एक माणूस या शांताबाईंच्या हमीला चालेल का?"

"तुमची ओळख आहे यांच्याशी?"

जानकीबाई तोवर नारळ बाजूला ठेवून शांताबाईला खेटून बसल्यासुद्धा होत्या.

"हमी माझी. लिवा साहेबानू, शांताबाई, आमची चाळ, दहिसर. आणि ओळख नाय तर आता करून घेतंय. सांग गो बाय, माहेर खयचा तुझा?"