चुकलेला दगड

"देल्चो, माझा दगड चुकलाय," स्टोयना दारातूनच म्हणाली.

देल्चोच्या हातातली छिन्नी थांबली. दोन हजार साल लागून दहाच दिवस झाले होते. तिच्या डोक्याला लोकरी रुमाल, अंगात मेलेल्या नवऱ्याचा कोट. शेजारच्या गावची ही म्हातारी अजून आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तिच्या नवऱ्याच्या, पेत्कोच्या थडग्याचा दगड त्यानंच घडवला होता, सत्त्याण्णव साली. रीतीप्रमाणे शेजारी बायकोचंही नाव आणि जन्मसाल कोरलं होतं. मरणसालाची जागा अशा वेळी कोरी ठेवतात. पण स्टोयनानं हट्ट धरला. छातीचा कॅन्सर हाडांत उतरला होता, डॉक्टर काही महिने म्हणत होते. "एक, नऊ, नऊ एवढं कोरून टाक. पोरांना मागाहून एकच आकडा घालायचा राहील," ती म्हणाली होती. आणि ह्या शहाण्यानं कोरलं.

आता तो खजील झाला. पण मनात वेगळंच चाललं होतं. आतल्या खोलीत त्याची बायको त्सोंका पडून होती. आजार तोच. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन, केमो, सगळं झालेलं. आता तो मणक्यात परतला होता. प्लॉवदिव शहरातल्या डॉक्टरीणबाई पुन्हा केमो घ्या म्हणाल्या. त्सोंकानं एवढंच विचारलं, "यानं मी बरी होईन?" नाही म्हटल्यावर ती घरी आली ती आलीच. पंधरा दिवस देल्चो तिला विनवत होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

"काकू, तुम्ही बऱ्या झालात?" त्यानं विचारलं. आवाज नको तेवढा चढला.

"बरी कसली होतेय? हे माझ्याबरोबरच जायचं. एक औषध थकलं की डॉक्टरीण दुसरं काढते. हे चौथं." तिनं हात पुढे केले. नखं काळी पडली होती. "बोटं बधिर. कोटाची बटणंसुद्धा सून लावते. दर तीन आठवड्यांनी बस धरायची, सलाईन लावून घ्यायचं, दोन दिवस मेल्यासारखं पडायचं."

"आणि मग?"

"मग उठायचं. ऑक्टोबरात मिरच्या भाजल्या. सालं सुनेनं काढली, मी नुसती तिच्या चुका काढल्या. नातीचा बाप्तिस्मा बघितला. एवढ्यासाठी कोण जगतं म्हणशील. मी जगते."

तीस वर्षं देल्चो मेलेल्यांची सालं कोरत आला होता. कोरलेलं साल मागे टाकून कुणी स्वतःच्या पायांनी तक्रार घेऊन आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. नकळत त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"कोरलेलं पुसता येत नाही," तो हळूच म्हणाला. "बोटभर थर तासून काढावा लागेल. मग दोन, शून्य, शून्य घालू?"

"काही घालू नकोस मेल्या. तुझ्या हिशेबावर आता माझा भरवसा नाही."

आतलं दार करकरलं. अंगाभोवती शाल लपेटून, चौकट धरून त्सोंका उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"स्टोयनाबाई," ती म्हणाली, "पुढच्या खेपेला बसमध्ये माझी जागा धराल?"