एकोणतीसची हजेरी

सर ‘पंचवीस’ म्हणाले तसा तिने घसा साफ करून घेतला.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. भाषणं झाली, सत्कार उरकले, आणि आता शेवटचा कार्यक्रम म्हणजे जुन्या वर्गात, जुन्याच बाकांवर, सरांचा एक तास. सर पार वाकले होते, पण हजेरी घेतल्याशिवाय तोंड न उघडण्याची खोड काही गेली नव्हती. हातात कागद नव्हता. नंबर ओळीनेच येतात, त्याला कागद कशाला?

“सव्वीस.”

“हजर, सर!” एक गृहस्थ टकलावरून हात फिरवत उठले.

“केस कुठे ठेवून आलास रे?” मागून कुणीतरी ओरडलं.

“लेकाला दिले!”

हशा पिकला. तिचं लक्ष हशाकडे नव्हतं. तिचा नंबर एकोणतीस. कॉलेजच्या दोन वर्षांत तिने एकदाही स्वतः ‘हजर’ म्हटलं नव्हतं. सकाळची टेलिफोन खात्यातली पाळी आणि अंथरुणाला खिळलेली आई, यांत तासाला बसणं जमायचंच नाही. तिची हजेरी लावायची ती कर्णा. वर्गातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची मुलगी, म्हणून तिला पडलेलं हे नाव. तिची आणि कर्णाची गाठ पडली ती एकदाच, ग्रंथालयाच्या रांगेत. “तू जा गं कामाला, हजेरीचं मी बघते,” एवढंच कर्णा म्हणाली होती आणि शब्दाला जागली होती.

आज सकाळी लेकीने फोनवर दटावलं होतं, “जा गं आई. भिंतींशी किती बोलशील?” मग तिने ठेवणीतले कपडे काढले आणि आरशासमोर उभं राहून ‘हजर, सर’ म्हणून पाहिलं. एकदा फारच मोठ्याने झालं, एकदा ऐकूच येईना. स्वतःचंच हसू आलं तिला. पण पुन्हा म्हणून पाहिलंच.

“अठ्ठावीस.”

“हजर!”

“एकोणतीस.”

तिने तोंड उघडलं.

“हजर, सर!”

आवाज मागच्या बाकावरून आला होता. बारीक, नाकातला, जरासा लाजरा. वर्ग हशाने फुटलाच. बाकं बडवली गेली. “कर्णे, अजून?” “अगं, आता नातवंडांचीही लावतेस की काय!”

सरांनी चष्म्यावरून मागे पाहिलं. “एकोणतीसचं पडसं अजून बरं झालेलं दिसत नाही,” ते म्हणाले. “मला तेव्हाही माहीत होतं बरं का. तीस.”

तीस नंबर हजर होता.

ती तशीच बसून राहिली. आता उठून ‘अहो, मी आहे इथे’ म्हणायचं म्हणजे एवढ्या जणांच्या हसण्यावर पाणी ओतायचं. शेजारची बाई तर हसता हसता तिच्याच खांद्यावर रेलली होती. मग तीही हसली. जरा उशिराच.

तास संपल्यावर मात्र तिने मनाशी पक्कं केलं. कर्णाला तरी सांगायचंच.

कर्णा व्हरांड्यात होती, हातात चहाचा कप, भोवती चार-पाच जण. ती जवळ गेली तशी कर्णाने मोठ्या मनाने जागा करून दिली.

“या, या. तुम्ही कुणाच्या हो? थांबा, सांगू नका. पोपटची बायको!”

“माझी बायको घरी आहे,” घोळक्यातला पोपट म्हणाला, “आणि तिने हे ऐकलं तर मी घराबाहेर असेन.”

“मी नं...” ती म्हणाली. “ती मघाशी एकोणतीस नंबर...”

“हां, ती!” कर्णाने तिचा हातच धरला. “काय पोरगी होती म्हणून सांगू! दिसायला गरीब गाय आणि करणी बघाल तर! सहलीला धबधब्यापाशी आमच्या सगळ्यांच्या चपला हिने लपवल्या. अनवाणी नाचलो आम्ही बसपर्यंत.”

“ती कुठली? चपला लपवणारी तिसावी,” पोपट म्हणाला.

“तू गप. मला सांगतोस? दोन वर्षं तिचा आवाज माझ्या घशात होता.” कर्णा पुन्हा तिच्याकडे वळली. “निरोपाच्या दिवशी इथेच, या खांबाला धरून रडली. म्हटलं, वेडे, रडतेस कशाला, आम्ही काय मेलो का? आमच्यातलीच हो ती. एक दिवस चुकवायची नाही.”

ती त्या सहलीला गेली नव्हती. निरोपाच्या दिवशी तर ती दवाखान्यात होती, आईच्या उशाशी. तिने खांबाकडे पाहिलं. चुन्याने रंगवलेला साधा खांब. हात लावला तर हाताला पांढरं लागेल असा.

“कुठे असेल कोण जाणे,” कर्णा म्हणाली. “आली असती आज, तर सोडलीच नसती तिला.”

सांगायला तीन शब्द पुरले असते. ते ओठांवर आलेही होते. पण मग धबधबा गेला असता, चपला गेल्या असत्या, खांबाशी रडणारी ती पोरही गेली असती, आणि उरली असती नुसती टेलिफोन खात्यातली बाई.

कुणीतरी पुढे केलेल्या कपातून तिने चहाचा एक घोट घेतला.

“आणि हसायची कशी हो ती?” तिने विचारलं.

“हसायची? अशी!” कर्णाने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि तोंडभर, खळखळून हसून दाखवलं.

ती निरखून बघत राहिली. शिकून घ्यावं, तशी.